बाबीण, त्रासन आणि स्पिन्स्टर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्हाला जे येते त्यावर बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंत. मला येते ते कापड. घरी शिवणयंत्र आहे आणि चाळीतल्या निम्म्या बायकांची मापे मला पाठ आहेत. तेव्हा मी कापडाच्या इंग्रजी शब्दांवर बोलणार आहे. हसू नका. हे शब्द आपल्या चिंचपोकळीत दोन पिढ्या चुलीपाशी बोलले गेले आहेत.

आधी हिशेब सांगते. इंग्रजांनी आपल्याकडून पुष्कळ शब्द नेले. कालिकतच्या कापडाला ते कॅलिको म्हणू लागले, आपल्या छिटाचे चिंट्झ झाले, गोणीचे गनी झाले. कामकऱ्यांच्या जाड्याभरड्या कपड्याला ते डंगरी म्हणतात, ते आपल्या डोंगरीच्या नावावरून असे सांगतात. डोंगरी इथून किती लांब? बसने जाऊन भाजी घेऊन परत येता येईल.

आपणही काही कमी घेतले नाही. गंजीफ्रॉक घ्या. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रात गर्न्सी नावाचे बेट आहे. तिथल्या बायका कोळ्यांसाठी लोकरीचे अंगरखे विणीत. त्या गर्न्सी फ्रॉकचा आपल्याकडे गंजीफ्रॉक झाला. झंपर, जाकीट, फलालीन हेही तसेच आलेले. आमची मुले म्हणतात, "आई, झंपर काय म्हणतेस, ब्लाउज म्हण." जसा काही ब्लाउज आपल्या आजोळचा!

पण खरे शब्द आले ते गिरणीतून. १८५६ साली ताडदेवला दावरशेटची पहिली कापडगिरणी सुरू झाली. यंत्रे विलायतेची, म्हणून नावेही विलायतेची. बॉबिनची बाबीण झाली. सूत कातायच्या एका यंत्राला तिकडे थ्रॉसल म्हणत. थ्रॉसल हा गाणारा पक्षी, आपल्या कस्तुराच्या जातीचा. यंत्राची गुणगुण त्या पक्ष्यासारखी वाटली म्हणून ते नाव. आपल्या माणसांनी त्याचे त्रासन केले. त्या खात्यातली उष्णता आणि कापसाची भुकटी ज्यांनी सोसली त्यांना विचारा, कोणते नाव जास्त खरे! धोट्याला मात्र आपण धोटाच म्हटले. त्याला इंग्रजीत शटल म्हणतात, आणि धोट्यासारखी इकडून तिकडे फेऱ्या घालणारी गाडी ती शटल गाडी.

माझ्या सासूबाई वाइंडिंग खात्यात चौदा वर्षे होत्या, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू होईपर्यंत. त्यानंतर त्यांना परत बोलावणे आले नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाचा अर्ज भरायचा होता, तेव्हा त्यांचे जुने कार्ड ट्रंकेतून काढले. माझा मुलगा अकरावीत, इंग्रजी शाळेत शिकलेला. कार्डावर वाचून म्हणाला, "आजी, तू विंडर होतीस? म्हणजे वाऱ्याच्या खात्यात?" सासूबाईंना सही येत नाही. पण त्या लगेच म्हणाल्या, "अरे, वारा कसला? वाइंडर म्हण. सूत गुंडाळायचे ते." मुलाने शब्दकोश काढला. आजीचे बरोबर निघाले.

त्या दिवसापासून तो शब्दकोश मी दुपारी मुलाला घेऊन वाचते. त्यात एक शब्द सापडला, तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्पिन्स्टर. मुळात अर्थ सूत कातणारी बाई, बस. पुढे लग्न न झालेल्या बाईला कागदोपत्री तेच म्हणू लागले, आणि होता होता तो टोमणा झाला. इंग्लंडात लग्नाच्या नोंदवहीत हा शब्द २००५ पर्यंत लिहीत असत. वेब्स्टर म्हणजेही मुळात विणणारी बाई. पण ते पुढे आडनाव झाले, आणि त्या आडनावाच्या माणसाने १८२८ साली अमेरिकेत मोठा शब्दकोश काढला. म्हणजे एकीचे नाव ग्रंथावर गेले, दुसरीचे टोमण्यात.

आपल्याकडे निराळे काय झाले? शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचांतली एक कामगार बाई होती. बहुतेक रीलिंगला आणि वाइंडिंगला, आणि त्यांच्यावर नायकीण. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, रात्रपाळी बायकांना बंद होती, मग नवी यंत्रे आली, आणि बायका कमी कमी होत गेल्या. आज "गिरणी कामगार" म्हटले की डोळ्यांसमोर बनियन घातलेला पुरुष येतो. "नायकीण" म्हटले तर नव्या मुली भलताच अर्थ घेतात. माझ्या सासूबाईंच्या नायकिणीचा सगळ्या खात्यात दरारा होता.

मी शंभर पानी वही घातली आहे. सासूबाईंनी आतापर्यंत त्रेसष्ट शब्द सांगितले. ज्यांच्या घरी अशी सासू, आई, शेजारीण आहे त्यांनी बुधवारी दुपारी तिला मंडळात घेऊन यावे. जिना चढवत नसेल तर मला निरोप द्या, मी वही घेऊन येईन.