उरलेल्या लोकरीचे पायमोजे



आज मी आपल्याशी हातांनी विणलेल्या पायमोज्यांविषयी चार शब्द बोलणार आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने मोज्यांवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण घरातल्या पेटीत पडून राहिलेली लोकर म्हणजे निजलेले भांडवल. आणि भांडवल निजले की त्याची चौकशी करणे हे आमचे कामच आहे.

पाहा ना, घरात कोणी स्वेटर विणायला घेते. लोकर कमी पडू नये म्हणून एक गुंडा जास्तच आणलेला असतो. तो उरतो. पुढे बाळाचे टोपडे होते, त्यातूनही थोडी उरते. “असू दे, कधीतरी उपयोगी पडेल,” असे म्हणून आजी किंवा आत्या ते सारे पिशवीत बांधून ठेवतात. ते ‘कधीतरी’ काही उजाडत नाही. काटकसरीने ठेवलेल्या लोकरीला शेवटी कसर लागते!

अशा शिलकी लोकरीला पायमोज्यासारखे दुसरे काम नाही. मोठ्या माणसाच्या स्वेटरला अर्धा किलोच्या आसपास लोकर लागते. मोज्यांच्या जोडीला सुमारे 100 ग्रॅम पुरते. शिवाय मोज्याचे भाग मुळातच वेगळे असतात. पायावरची पट्टी एका रंगाची, टाच आणि चवडा दुसऱ्या रंगाचा, मधला भाग तिसऱ्या रंगाचा, असे केले तर ते ठिगळ वाटत नाही, शोभाच वाटते. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये इजिप्तमधला एका लहान मुलाचा मोजा आहे. सुमारे 1700 वर्षांपूर्वीचा, डाव्या पायाचा, आणि अंगावर रंगीत पट्टे. तो आजच्यासारखा अनेक सुयांवर नव्हे, तर एकाच सुईने गुंफलेला आहे. त्याचे रंग 2018 साली तपासले गेले, तेव्हा तांबडा, निळा आणि पिवळा अशा तीनच वनस्पतिजन्य रंगांच्या मेळातून ते सारे पट्टे साधल्याचे दिसून आले. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील लाहौलचे नक्षीदार हातविणीचे मोजे असेच रंगांसाठी प्रसिद्ध आहेत.

आता करावे कसे ते सांगतो. प्रथम लोकर पारखावी. बाजारात लोकर म्हणून मिळणारे पुष्कळसे सूत अॅक्रिलिकचे असते. त्याचेही मोजे होतात, पण ऊब आणि घाम शोषण्याचा गुण खऱ्या लोकरीचा. बोटभर धागा चिमट्यात धरून मोठ्या माणसाने जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरा होणारी राख उरली तर ती लोकर; वितळून कडक मणी झाला तर ते अॅक्रिलिक. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. तिची घोंगडी उत्तम होते, पण मोजा टोचतो.

जुना स्वेटर उसवून काढलेली लोकर कुरळी झालेली असते. तिच्या लडी कराव्यात, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगाव्यात. वाळली की सरळ होते. मग सारख्या जाडीची लोकर एकत्र काढून प्रत्येक रंगाचे काट्यावर दोन समान भाग करावेत. एवढे केले नाही तर एक मोजा गुडघ्यापर्यंत आणि दुसरा घोट्यापर्यंत, अशी जोडी तयार होते!

शिक्षक बंधुभगिनींनो, यापुढचा भाग खास आपल्यासाठी. आधी एक लहान चौकोन विणून 10 सेंटिमीटरांत किती टाके बसतात ते मोजावे. समजा, 28 बसले. पायाचा घेर भरला 22 सेंटिमीटर. त्रैराशिकाने टाके होतात सुमारे 62. पण मोजा पायाला धरून राहावा म्हणून दहावा हिस्सा कमी करायचा. उरले 56 च्या जवळपास. छप्पन्नच घ्यावेत, कारण त्याला चाराने भाग जातो. दोन्हीकडे टोके असलेल्या पाच सुया घेऊन चार सुयांवर चौदा-चौदा टाके घालावेत आणि पाचवीने गोल विणावे. टाचेसाठी निम्मे, म्हणजे 28 टाके, मागेपुढे विणून चौकोनी पट्टी करावी. मग मधल्या टाक्यांपासून सुरुवात करून दर ओळीला बाजूचा एकेक टाका जोडून घेत गेले की सपाट पट्टीची वाटी होते. सपाट वस्तूला खोलगटपणा कसा येतो, हे फळ्यावर समजावून सांगणे कठीण. मुलाच्या हातात ते आपोआप समजते. पुढे पट्टीच्या कडांचे टाके उचलून, हळूहळू कमी करीत पुन्हा 56 वर यावे. चवड्याशी एकाआड एक फेरीला चार टाके घटवावेत आणि शेवटचे सुईदोऱ्याने सांधावेत.

आता एक सरळ प्रश्न उरतो. विल्यम ली नावाच्या इंग्रजाने 1589 मध्ये मोजे विणण्याचे यंत्र काढले. बाजारात आज थोड्या पैशांत जोड मिळतो. मग आठवडाभर संध्याकाळी बसून विणायचे कशासाठी?

विकण्यासाठी म्हणाल, तर विणू नका. वेळेची मजुरी धरली तर हा व्यवहार तोट्याचा आहे. पण घरच्या माणसाच्या पायाचे माप बाजाराला ठाऊक नसते. वृद्धाचा सुजरा पाय, एकीकडे झुकलेला अंगठा, रब्बीत रात्रपाळीने पाणी देऊन थिजत घरी येणाऱ्या मुलाचे पाऊल, ही मापे फक्त घरालाच माहीत असतात. हातचा मोजा टाचेशी झिजला तर टाकावा लागत नाही; रफू करता येतो, नाही तर तेवढीच टाच उसवून नवी विणता येते.

आणि खरी शिल्लक पेटीतल्या लोकरीची नाही, ती हातांत आहे. लोकर पुन्हा विकत मिळेल. टाच वळविण्याची युक्ती सांगणारी आजी मात्र पुन्हा मिळणार नाही. तेव्हा या हिवाळ्यात पेटी उघडा, घरातल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, आणि पहिला मोजा आजीच्याच मापाचा घाला. शाळांनीही आठवड्यातील एक तास गावातल्या अशा जाणत्या बाईला द्यावा; गणिताच्या शिक्षकाने त्या तासाला मागच्या बाकावर बसावे.