मूठभर धान्य

(मंडळाच्या वर्धापनदिनी मुलुंड येथे केलेले भाषण)



‘सामान्य माणसाने परोपकार कसा करावा’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी म्हटले, “अहो, मी स्वतः पेन्शनीवर दिवस काढणारी बाई. मी काय सांगणार?” त्या म्हणाल्या, “म्हणूनच तुम्ही सांगा.” तेव्हा बोलणे भाग आहे.

सुरुवात माझ्या वडिलांपासून करते. १९४१ साली ते साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शाहू बोर्डिंगमध्ये शिकायला होते. घरी जमीन बेताची, खाणारी तोंडे सात. शिक्षणाचे नावही काढता आले नसते. पण भाऊरावांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग उघडले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीस जेवत, शेतात राबत आणि शिकत. मुलांच्या पोटाला कमी पडले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. त्या माउली १९३० साली गेल्या.

परंतु एका बाईच्या दागिन्यांवर बोर्डिंग किती दिवस चालणार? त्यासाठी मुष्टिफंड होता. दळायला बसण्यापूर्वी घरच्या बाईने एक मूठ धान्य बाजूला टाकायचे, ते गोळा होऊन मुलांच्या भाकरीसाठी जायचे. वडील म्हणत, “माझ्या ताटातली भाकरी कोणत्या घरची, हे मला कधी कळले नाही, आणि त्या घरालाही माझे नाव कळले नाही. म्हणून ती खाताना मान खाली गेली नाही.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. पण त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. तो कसा, ते सांगते. आपल्यातल्या जुन्या सभासदांना आठवत असेल, काही वर्षांपूर्वी आपण एका शाळेत वह्या वाटल्या होत्या. मुलांना रांगेत उभे केले, एकेकीचे नाव पुकारले, आणि वही देताना फोटो काढला. त्या रांगेत माझ्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी होती. मला पाहताच तिने तोंड फिरवले. पुढे ती आईबरोबर माझ्या घरी येईनाशी झाली. आधी ओट्यापाशी बसून पाढे म्हणणारी पोर ती! वह्या चांगल्या होत्या, आपला हेतूही चांगला होता. फक्त देण्याची तऱ्हा चुकली. रांगेची कल्पना माझीच होती, म्हणून दोष माझ्याच पदरी घेते.

तेव्हापासून मी ठरवले की देताना दोन गोष्टी पाहायच्या. समोरच्याला काय हवे ते आधी विचारायचे, आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ द्यायची नाही. या दोन गोष्टी सांभाळल्या की लहान दानही मोठे काम करते. मी घरी तराजूवर माझी मूठ मोजून पाहिली. चाळीस ग्रॅम तांदूळ भरले. महिन्याला एक किलो दोनशे ग्रॅम. आपली साठ घरे धरली तर बहात्तर किलो! आजारी मूल घेऊन परगावाहून मुंबईस आलेली माणसे जेथे उतरतात, तेथे हे तांदूळ पोहोचवता येतील. पण आधी त्यांना विचारू, तांदूळच हवा की डाळ, तेल, साबण.

पैशाचेही तसेच. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत महाराष्ट्र पालथा घातला. लोकमान्यांनी त्यांना पाठिंबा दिला, आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. आज पैसा चलनात नाही, पण दहा रुपये आहेत. पैसे द्या, मात्र पावती मागा, आणि वर्षाचा हिशेब विचारा. हिशेब विचारल्याने चांगली संस्था रागावत नाही.

जिला पैसाही जड, तिने वेळ द्यावा. अंध विद्यार्थ्यांना पुस्तक वाचून दाखवणारे माणूस हवे असते, परीक्षेत उत्तरे लिहून घेणारा लेखनिक हवा असतो. परीक्षा मंडळाच्या नियमांत बसणारी कोणी कॉलेजातली मुलगी घरात असेल तर तिला धाडा, आणि वाचून दाखवायला आपण जाऊ. वाचायला वयाची अट नाही.

आणखी एक दान आहे, ज्याला खर्च नाही. बोरीवलीस महानगरपालिकेचे थॅलेसेमिया केंद्र आहे. या आजाराच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. मे महिन्यात कॉलेजे बंद, माणसे गावी, तेव्हा रक्तपेढ्यांत चणचण पडते. रक्तातल्या प्लेटलेट्स तर पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवताही येत नाही. अठरा ते पासष्ट वयाच्या, पंचेचाळीस किलोंहून अधिक वजनाच्या निरोगी माणसाला रक्त देता येते. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी. हिमोग्लोबिन साडेबारा लागते, म्हणून सुनांनो, आधी स्वतः पालेभाजी-गूळ नीट खा! आम्हा म्हाताऱ्यांचे वय उलटले, पण शिबिरात चहा-बिस्किटे द्यायला आम्ही उभ्या राहू. आणि रक्तदान म्हणजे मुष्टिफंडच की! कोणाचे रक्त कोणाला गेले, हे दोघांनाही कळत नाही.

म्हणून माझी सूचना अशी : आजपासून प्रत्येकीने स्वयंपाकघरात एक डबा वेगळा ठेवावा. भात टाकताना एक मूठ त्यात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी डबे मंडळात रिकामे करायचे. कोणी किती आणले, याची यादी लावायची नाही, फोटो काढायचा नाही. हिशेब मात्र फळ्यावर लिहायचा : एकूण इतके किलो आले, इतके अमुक ठिकाणी गेले.

ती मुलगी आता नर्सिंग शिकते आहे, असे तिच्या आईकडून कळले. मी तिला मुद्दाम भेटायला गेले नाही. कधी वाटेत भेटलीच, तर तिने तोंड फिरवू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

माझा डबा मी आज बरोबर आणला आहे. तो मंडळाच्या टेबलावर ठेवते आणि आपली रजा घेते.