छातीत न दुखणारा झटका



हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत अचानक गुठळी होते, रक्तपुरवठा तुटतो आणि हृदयाचा स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. वय जितकं जास्त तितका यात जीव जाण्याचा धोका मोठा, हे आपण सगळे जाणतो. डॉक्टर हा धोका मोजायला 'ग्रेस' गुणांक वापरतात, त्यातही वयाचं वजन मोठं असतं. पण म्हाताऱ्या माणसांच्या या मृत्यूंचा सगळा दोष वयावर टाकायला मी तयार नाही. त्यातला एक वाटा आपल्या उशिराचा आहे.

घरोघरी काय होतं पाहा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, मधुमेह जुना. सकाळपासून गळून गेल्यासारखं वाटतंय. कपाळावर घाम आहे, चहा नकोसा झालाय, न्हाणीघरापर्यंत गेलं तरी दम लागतोय. छातीत दुखतंय का विचारलं, तर नाही म्हणतात. मग घरात ठरतं, पित्त झालंय. ओवा दिला जातो, 'जरा पडून राहा' म्हटलं जातं. मुलगा संध्याकाळी कामावरून आल्यावर दवाखाना. तोवर स्नायूचा मोठा भाग गेलेला असतो. उतारवयात, त्यातही मधुमेह असला तर, छातीत कळ न येता झटका येऊ शकतो. दम, घाम, मळमळ, चक्कर, अचानक आलेला गोंधळ, एवढंच दिसतं.

अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या 4,34,877 रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या तिघांपैकी एकाला रुग्णालयात येताना छातीत दुखत नव्हतं. अशांचं सरासरी वय 74, दुखणाऱ्यांचं 67. न दुखणाऱ्यांपैकी 23 टक्के रुग्णालयातच दगावले, दुखणाऱ्यांपैकी 9 टक्के. वयाचा फरक त्यात आहेच. पण ही माणसं उशिरा आली आणि त्यांना उपचारही कमी मिळाले, हेही त्याच नोंदी सांगतात.

आपल्याकडे तर ज्यांना दुखतं तेही उशिरा येतात. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएट' या भारतीय पाहणीत 20,468 रुग्ण होते, सरासरी वय साडेसत्तावन्न. निम्म्या रुग्णांना रुग्णालय गाठायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले. गरिबांना उपचार कमी मिळाले आणि त्यांच्यातले मृत्यूही जास्त होते. ऐन उमेदीतल्या माणसांची ही गत, मग ज्यांना कोणी उचलून न्यावं लागतं त्यांचं काय होत असेल?

रुग्णालयात पोहोचल्यावर नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, या वयात कशाला अँजिओप्लास्टी?" धमनी पूर्ण बंद झालेली असेल, तर ती तातडीनं उघडण्याला वयाची कमाल मर्यादा नाही. अर्धवट बंद असेल, तर मात्र थांबून विचार करायला हवा. नॉर्वेत ऐंशी आणि त्यापुढच्या 457 अशा रुग्णांवर अभ्यास झाला. अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे उपचार केलेल्यांना पुढे झटके कमी आले आणि तातडीनं धमनी उघडण्याची वेळही कमी आली, पण मृत्यूंत ठोस फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये पंच्याहत्तरीपुढच्या 1,518 रुग्णांचा अभ्यास 2024 साली आला. तिथेही पुन्हा येणारे झटके कमी झाले, हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

म्हणून अशा रुग्णाचा जन्मदाखला पाहून निर्णय घेऊ नये. गेल्या महिन्यात आजोबा स्वतः जिना चढत होते का, अंघोळ स्वतः करत होते का, आणि त्यांना स्वतःला काय हवंय, हे डॉक्टरला कळायला हवं. मूत्रपिंडं किती काम करतात आणि वजन किती आहे, हेही. चाळीस किलोच्या बाईला रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा सत्तर किलोच्या माणसाचा डोस दिला, तर हृदय वाचवता वाचवता ती रक्तस्रावानं जाऊ शकते.

माझी मागणी साधी आहे. साठीपुढच्या माणसाला एकाएकी दम लागला, घाम फुटला, गळाठा आला, तर ईसीजी काढल्याशिवाय पित्त म्हणू नका. पहिला ईसीजी ठीक आला तरी ट्रोपोनिनची रक्ततपासणी आणि दुसरा ईसीजी मागा. मुलाची वाट पाहू नका, शेजाऱ्याला हाक मारा आणि रुग्णवाहिकेसाठी 108 लावा.