शास्त्रीय कारणे लिहा



पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते. रविवारी मात्र बाबांच्या जुन्या आरएक्स १०० ची दुरुस्ती स्वतः करते. १९९६ पासून ही गाडी बनत नाही, त्यामुळे आहे ते इंजिन जपायला हवं.

विज्ञानाच्या पेपरात 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न असायचा. गॅरेजमध्ये तोच कामी येतो. रेस वाढते पण वेग वाढत नाही? क्लच घसरतोय, म्हणजे घर्षण कमी पडतंय. आधी केबल फार ताणलेली नाही ना, ते पाहा, मगच प्लेटा. नव्या प्लेटा ऑइलमध्ये भिजवून बसवा आणि स्प्रिंगचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे कसा.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, म्हणून क्रँकचे दोन्ही सील हवाबंद लागतात. मॅग्नेटोमागचा डावा सील गेला, तर बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचं प्रमाण घटतं आणि पिस्टन तापून जाम होऊ शकतो. क्लचकडचा उजवा गेला, तर गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात जळतं. जमिनीवर थेंब नाही, पण पातळी घटते, धूर वाढतो. अशा वेळी कुणी थेट 'बोअर करा' म्हणालं, तर आधी ही पातळी तपासा. बोअरिंगच्या मानाने सील फार स्वस्त असतो.

दाब आणि घर्षण आपण सगळे इथेच शिकलो. आता आपल्या मुलींच्या हातीही पाना द्या. पण आधी कारण विचारा.