परिचारिकांची ग्रंथपाल
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



इस्पितळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर येतात, परिचारिका येते. पण मोठ्या इस्पितळात ग्रंथालय असते आणि तेथे ग्रंथपाल असते, हे सहसा ध्यानात येत नाही. आज तिच्याविषयी चार शब्द सांगते.

परिचारिकेला पुस्तक कशाला हवे, असे कोणी म्हणेल. पण तिचे काम पाहा. पोटॅशियम क्लोराइड शिरेतून द्यायचे तर ते सौम्य करून, सावकाशच द्यावे लागते. तसेच एकदम टोचले तर हृदय बंद पडू शकते. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला जखमा होऊ नयेत म्हणून किती वेळाने कुशीवर वळवावे? नळीने अन्न देताना डोके किती उंच ठेवावे? असे प्रश्न पाळीच्या ऐन घाईत पडतात. ग्रंथालयात जायला सवड नसते, म्हणून ती बरोबरीच्या परिचारिकेला विचारते. तिचे ज्ञान ताजे असले तर बरेच. नाही तर जुनी चूकच पुढे चालते.

ही अडचण ग्रंथालयातील स्त्रियांनीच ओळखली. अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात एला क्रँडॉल, मिल्ड्रेड ग्रँडबॉइस आणि मॉली सिटनर यांनी शुश्रूषेच्या मासिकांतील लेखांची कार्डे लिहून सूची तयार करण्यास आरंभ केला. १९६१ साली ती ग्रंथरूपाने छापली गेली. पुढे ती संगणकावर आली, आणि आज ‘सिनाल’ या नावाने जगभर वापरली जाते. १९७१ साली कॅन्सस सिटी येथे गर्ट्रूड लँब यांनी आणखी एक पाऊल टाकले. ग्रंथपालाने डॉक्टरांच्या फेरीबरोबर वॉर्डात जावे, प्रश्न तेथेच टिपावा आणि आधार शोधून आणून द्यावा, अशी प्रथा त्यांनी घातली.

चांगली ग्रंथपाल उपचार सांगत नाही. तो तिचा अधिकार नव्हे. रोगी कोण, उपाय कोणता, पर्याय कोणता, परिणाम काय हवा, हे विचारून ती मोघम प्रश्नाला नेमके रूप देते. मग विश्वासार्ह अभ्यास निवडून परिचारिकेच्या हाती ठेवते. नव्या मुलींना शोध घ्यायला शिकवते. कालबाह्य आवृत्त्या कपाटातून काढून टाकते. १९९७ पासून ‘पबमेड’ ही सूची सर्वांना विनामूल्य खुली झाली. पण हजारो लेखांतून कामाचा एक निवडायला जाणते माणूस लागतेच.

भगिनींनो, आपण रुग्णालयात फळे वाटतो, चादरी देतो. ते जरूर करावे. पण पुढील वेळी तेथील मेट्रनबाईंना एवढे विचारू या : “आपल्या मुलींना वाचायला काय लागते?” त्या सांगतील ते पुस्तक, नव्या आवृत्तीचे, घेऊन देऊ. घरातील जुनी औषधांची पुस्तके मात्र देऊ नयेत. त्यांतील एखादी जुनी मात्रा रोग्याच्या जिवावर बेतेल. उद्या त्या खाटेवर आपल्यापैकीच कोणी असेल. तिच्या उशाशी उभी राहणारी मुलगी जाणती असावी, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.