दमयंतीची सावली



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एकच चित्र निवडले आहे : राजा रविवर्मा यांचे १८९९ मधील 'हंस-दमयंती'. मूळ तैलचित्र तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा कलादालनात आहे.

दमयंती उभी आहे, जवळ हंस आहे. तो नळाचे गुण सांगतो आणि ती तन्मयतेने ऐकते. डोळ्यांत प्रथम भरतो तो वस्त्राचा लाल रंग आणि हंसाची शुभ्रता. हा हंस केवळ प्रेमदूत नव्हे. नीरक्षीरविवेक हा त्याचा गुण आपल्या परंपरेने मानला आहे. आणि पुढे दमयंतीला नेमका तोच विवेक लागणार आहे.

महाभारताच्या वनपर्वातील कथा आठवावी. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचेच रूप घेऊन बसतात. पाचांतून खरा नळ ओळखावा कसा? दमयंतीच्या प्रार्थनेने देव आपली लक्षणे प्रकट करतात : त्यांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, माळा कोमेजत नाहीत, पाय भूमीला टेकत नाहीत आणि सावली पडत नाही. ज्याची सावली पडते, त्या माणसाला दमयंती वरते.

आता पुन्हा चित्राकडे वळू. आपल्याकडील जुन्या लघुचित्रांत प्रकाश बहुधा सर्वत्र सारखा असतो. आकृती रेषेने घडते. रविवर्म्यांनी पाश्चात्य तैलरंगाची रीत स्वीकारली. तीत उजेडाबरोबर छाया येते आणि त्या छायेमुळे देहाला गोलाई व भार येतो. ज्या खुणेवरून दमयंती माणूस ओळखणार, त्या खुणेनेच चित्रकाराने तिला घडविले आहे.

याच रीतीने त्यांनी लक्ष्मी-सरस्वतीही रंगविल्या. त्यामुळे देवत्व उणावले, असा आक्षेप घेतला जातो. तो आम्हांला सर्वस्वी निराधार वाटत नाही. परंतु सावली मिळाली म्हणूनच देव घरच्या माणसांसारखे जवळचे झाले. १८९४ मध्ये मुंबईत निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेला त्यांचा छापखाना या चित्रांच्या प्रती काढू लागला. देवळाची पायरी ज्यांना चढू दिली जात नव्हती, त्यांनाही देव आपल्या भिंतीवर लावता आला.

रविवर्मा केरळातील किळिमानूरचे. पुराणातील कित्येक स्त्रियांना त्यांनी मराठी पद्धतीने लुगडे नेसविले. जी लक्ष्मी आपली म्हणून आपण ट्रंकेतून इतक्या दूर आणली, ती एका परप्रांतीयाच्या कुंचल्याने आपली झाली आहे. एवढे ध्यानी राहिले, तर ज्या गावाने आपल्याला आसरा दिला, त्याला आपण परके म्हणणार नाही.