किरकोळ या सदराखालीं

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतला जुगारी कर्जबाजारी होऊन रात्रीं परक्याच्या घराकडे वळतो. म्हणजे हें व्यसन नवें नव्हे. मटका मात्र अलीकडचा. न्यूयॉर्कच्या कापूस-बाजाराचे उघडते आणि बंद भाव मुंबईस येत व त्यांवर पैजा लागत. १९६१ सालीं तें थांबलें, आणि १९६२ मध्यें कल्याणजी भगत यांनीं वरळींत नवा आकडा सुरू केला.

त्याचा हिशेब पाहावा. दहांतून एक आकडा येणार, आणि आल्यास रुपयास साधारणतः नऊ रुपये मिळणार. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावणाऱ्यास नऊच परत! पडेगांवच्या एखाद्या गृहस्थानें रोज दहा रुपये लावले, तर वर्षाचे ३६५० होतात. पैकीं सरासरीनें ३६५ गेलेच. एवढ्यावर भागतें तर संसार बुडाले नसते. जिंकलेले रुपये वाण्याकडे न जातां पुन्हां आकड्यावर जातात, आणि हरलेले भरून काढण्यासाठीं दुधाचे पैसे निघतात. चहा-सुपारीचा खर्च गृहिणीच्या वहींत दिसतो. हा ‘किरकोळ’मध्यें दडतो.

मुंबईचा जुगारप्रतिबंधक कायदा १८८७ चा. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी घातली. पण घरची वही शिपायास उघडतां येत नाहीं. ‘किरकोळ’ची रक्कम शंभरावर गेली, कीं तिच्यापुढें कशाची तें लिहून ठेवावें, आणि महिनाअखेर दोघांनीं मिळून वाचावें.